का ते विचारा

"एक मिनिट हं… सांगतो, पण आधी मागची गोष्ट ऐकून घ्या."

हे वाक्य मागच्या बाकावरून आलं आणि माझ्या मांडीवरचं मांजर दचकलं, कारण मी दचकले. मांजर माझं नव्हतं. शेजारच्या काकू "जरा धरा गं" म्हणून माझ्याकडे देऊन निवांत पाणी प्यायला गेल्या होत्या. जनावरांच्या दवाखान्यात रिकाम्या हाताने बसलेल्या माणसाचं असंच होतं.

पण तो आवाज… गेले आठ महिने तो रोज माझ्या कानात शिरत होता, आणि नेमकं हेच वाक्य घेऊन. त्या आवाजाचा माणूस इथून बसने पाच तासांवर राहायचा. त्याचं इथे काही काम नव्हतं.

मी वळून पाहिलं. तिशीचा असेल. कान जरा बाहेर आलेले, बाहीवर कोणाचे तरी पांढरे केस. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने तो एका म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं खाजवत होता. मी इतका वेळ टक लावून बघत राहिले की त्याने फोन खाली घेतला.

"काही हवंय का?"

"मुनी?" मी म्हणाले.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "…नवी?"

अशी आमची भेट झाली. प्रेमाच्या गोष्टीत असतो तसा पाऊस वगैरे काही नव्हता. फिनेलचा वास होता, आणि मी इतकी भडकलेली होते की मांजरानेही उडी मारून स्वतःची सोय बघितली.

भडकायचं कारण सांगते. आमची टीम चार माणसांची, चार गावांत विखुरलेली. जनावरांच्या अकरा दवाखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम चालवतो. कोणाला कधी यायचंय, कोणाची लस कधी आहे, हे तो लक्षात ठेवतो आणि मालकांच्या मोबाइलवर निरोप पाठवतो. आमच्या प्रमुख म्हणजे ताई. त्या कोणाच्याच बहीण नाहीत आणि सगळ्यांच्या ताई आहेत. दुसरा चित्रकार, म्हणजे पडदे आणि बटणं आखणारा, ज्याचं ठरलेलं उत्तर "माझ्याकडे तर चालतंय." तिसरी मी. आठ महिने झाले तरी माझं नाव 'नवी'च. आणि चौथा मुनी, कारण ग्रुपवर त्याचे तीनच शब्द यायचे. हो, नाही, आणि "फोन करा". फोनवर मात्र त्याला थांबवायला देव यावा लागे. इंटरनेट यथातथाच, म्हणून कॅमेरे बंद ठेवायची पद्धत. सगळे त्याच्याबद्दल इतक्या आदराने बोलायचे की मी त्याला पन्नाशीचा, चष्मेवाला धरून चालले होते.

सहा वर्षांपूर्वी तो प्रोग्राम त्यानेच लिहिला. आत काय आहे ते त्यालाच ठाऊक. कोडमध्ये ओळीशेजारी माणसांसाठी शेरा लिहायची सोय असते, पुढच्याला समजावं म्हणून. मुनीचे शेरे असे असायचे – 'इथे तीन सेकंद थांबावे. का ते विचारा.' 'हा आकडा नऊच ठेवावा. का ते विचारा.' झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर मुठीच मुठी होत्या.

त्यातलीच एक याच दवाखान्याची. सतरा फोन नंबर, आणि शेजारी शेरा – 'या सतरा जणांना निरोप जाऊ नये. का ते विचारा.'

मी विचारलं नाही असं नाही. दोनदा फोन लावला, दोन्हीदा बिझी. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, काय हा पोरखेळ, आणि ती यादी उडवली. आमच्याकडे नियम आहे, दुसऱ्या कोणीतरी तपासून 'ठीक' म्हटल्याशिवाय बदल आत जात नाही. चित्रकाराने न बघता 'ठीक' म्हटलं. त्याच्याकडे चालत होतं ना.

सोमवारी सकाळी दहाला सतरा जणांना निरोप गेले. तुमच्या डुलकीच्या लशीची वेळ झाली आहे. तुमच्या बादशहाला घेऊन या. तुमच्या कापसाची आठवण ठेवा…

ही सतरा जनावरं मेलेली होती.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मेलेल्या जनावराचं कार्ड प्रोग्राममधून काढून टाकायचं बटण दाबायला तयार नव्हत्या. "ज्याला मी बारा वर्षं सुया टोचल्या त्याला मी पुसून टाकू?" म्हणून त्या दर वेळी मुनीला फोन करायच्या आणि तो तो नंबर यादीत घालायचा. सहा वर्षं हे असं चाललं होतं आणि जगात दोनच माणसांना माहीत होतं.

दवाखाना माझ्याच गावात. मंगळवारी मी माफी मागायला आले. आणि हा पहाटेची बस पकडून त्याच कामाला आला होता, न सांगता. सांगायची सवयच नाही.

"एक ओळ," मी म्हणाले. आम्ही औषधांच्या खोलीत खोक्यांवर बसलो होतो. "एक ओळ लिहायला काय हात दुखत होते तुमचे?"

"काय लिहू?" तो म्हणाला. "मेला, मेली, मेला… सतरा वेळा?"

यावर मी आणखीच चिडले.

"सतराही जणांना फोन मी करणार," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"करा. पण एक मिनिट हं, आधी प्रत्येकाची मागची गोष्ट–"

"ऐकून घेते. दुसरा इलाज आहे का?"

त्याला सतराच्या सतरा तोंडपाठ होते. बादशहा हा एका डोळ्याचा बोका, शिंप्याच्या दुकानात कापडाच्या ताग्यावर झोपायचा. कापूस हा ससा, तीन बहिणींचा मिळून एक. प्रत्येक फोनआधी पाच मिनिटं पाल्हाळ. माझा जीव मेटाकुटीला आला, पण पलीकडून 'हॅलो' आलं की काय बोलायचं ते मला बरोबर कळत होतं. एका बाईंनी मला दहा मिनिटं झापलं. ते मला हवंच होतं. अकरावा फोन डुलकीच्या आजोबांचा.

"चूक कसली, बाळ," आजोबा म्हणाले. "वर्ष झालं, तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. मोबाइलवर दिसलं, तर जरा…"

फोन ठेवल्यावर मी रडले. मुनीने रुमाल पुढे केला. त्या रुमालाला कुत्र्याचा वास येत होता. मी तसाच डोळ्यांना लावला.

"अजून सहा राहिलेत," तो हळूच म्हणाला. "मी करू का?"

"नाही."

"बरं. मग ऐक, बारावा जरा तापट आहे…"

तो अहो-जाहोवरून कधी अगं-तुगंवर उतरला ते त्यालाही कळलं नाही. मला कळलं. मी दाखवलं नाही.

निघताना, बसथांब्यावर, त्याने बॉम्ब टाकला. "ताई उद्या सांगणारच आहेत… मी महिनाअखेर नोकरी सोडतोय."

"कुठे चाललात?"

"कुठेच नाही. आधी झोपणार." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "प्रोग्राम बिघडला की मशीन आपोआप फोन लावतं. ज्यांना लावतं त्या यादीत सहा वर्षं एकच नाव आहे, माझं. बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मी एकाही ठिकाणी नाही, मी हॉलच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेलो. आता पुरे."

बस आली. तो खिडकीशी बसला आणि हात हलवायचा की नाही या विचारात असतानाच बस निघूनही गेली. मी रिक्षात बसले तेव्हा लक्षात आलं की रुमाल माझ्याकडेच राहिलाय.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सरळ सांगितलं. "नवी, तीन आठवडे आहेत. त्याच्या डोक्यातलं सगळं तुझ्या डोक्यात आणि तिथून कागदावर. नाही जमलं तर अकरा दवाखान्यांना मला हात जोडून सांगावं लागेल की दुसरीकडे बघा."

म्हणजे माझी पंचाईत बघा. शिकले नाही तर आमचं सगळ्यांचं काम संपलं. आणि शिकले, तर तो मोकळा होऊन निघून गेला. हे दुसरं वाक्य मी तेव्हा स्वतःशीसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं.

रोज दुपारी चार वाजता शिकवणी सुरू झाली. नियम मी घातले. कीबोर्डला हात मी लावणार, त्याने फक्त बोलायचं. मग मला जे कळलं ते मी त्याला उलट सांगणार आणि ते त्याने लिहून काढायचं. या शेवटच्या कलमावर त्याने चार दिवस टाळाटाळ केली.

"लिहिलंत का?"

"लिहायला घेतलंय…"

"किती झालं?"

"मथळा."

पालथ्या घड्यावर पाणी. मी फोन बाजूला ठेवून उशीत तोंड खुपसून ओरडायचे आणि परत येऊन गोड आवाजात म्हणायचे, "मुनीवर्य, तीन सेकंद का थांबायचं?"

"एक मिनिट हं. मागची गोष्ट अशी, की एका दवाखान्यातल्या कंपाउंडरचा फोन इतका जुना होता की एकामागोमाग निरोप आले की बंद पडायचा."

"आता आहे तो फोन?"

"…नसेल."

"मग आपण सहा वर्षं नसलेल्या फोनसाठी थांबतोय?"

तो हसायला लागला. असा हसला, की मलाही राग आवरेना आणि हसूही आवरेना. त्या दिवशी त्याने पहिलं पान लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मी एक नवं बटण केलं. 'कार्ड ठेवा, निरोप थांबवा.' चित्रकाराने ते करड्या रंगात आखलं, छान मऊसं. सतरा नंबरांची यादी कोडमधून कायमची गेली. डॉक्टरीणबाईंनी डुलकीच्या कार्डावर ते स्वतः दाबलं आणि पुढचं कुत्रं आत बोलावलं.

"सहा वर्षांत हे तुम्हाला सुचलं नाही?" मी मुनीला विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

"अहो, विचारायला आधी कळायला हवं ना. तुम्ही लिहीत का नाही, खरं सांगा."

इकडे माझ्या शेजारच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चाललं होतं. त्याला तो आवाज आता इतका पाठ झाला होता की आई काज करतेय की शिवण घालतेय हे तो फोनवरून ओळखायचा.

"मी एकटा खोलीत बसून काम करतो, नवी," तो म्हणाला. "लिहिलं की लोक वाचतात आणि जातात. नाही लिहिलं की… फोन करतात."

इतका हुशार माणूस, आणि इतका गाढवपणा. स्वतःच दार उघडं टाकायचं आणि मग झोप मिळत नाही म्हणून नोकरी सोडायची. मला त्याला दोन धपाटे घालावेसे वाटले, आणि मग त्या कानांना हात लावून बघावासा वाटला. हे दुसरं वाटल्यावर मी घाईघाईने म्हणाले, "पुढचा शेरा. नऊ आकडा का?"

आई अशा बाबतीत शिवण्याच्या सुईइतकी सरळ. जेवताना म्हणाली, "तो मनुष्य रोज चार वाजता काय शिकवतो गं?"

"काम."

"आणि तू चारच्या आधी केस का विंचरतेस? कॅमेरा तर बंद असतो."

"घामट होतं."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस." ती शांतपणे घास घेत राहिली. "शिकवणी संपत आली का?"

संपतच आली होती, हीच तर रड होती. रोज एक शेरा कमी होत होता. 'का ते विचारा'च्या जागी आता कारणं येत होती, त्याच्या हातची, अडखळत लिहिलेली, पण लिहिलेली. बिघाडाच्या यादीत माझं आणि ताईंचं नाव घातलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात रविवारी दुपारी एका दवाखान्याचे निरोप अडकले. मशीनने मला फोन लावला. मी त्याचंच पान उघडलं, वीस मिनिटांत गाडी रुळावर आणली आणि त्याला कळवलंसुद्धा नाही.

सोमवारी चारला त्याचा आवाज विचित्र होता.

"काल बिघाड झाला होता म्हणे."

"झाला होता. निस्तरला."

"मला कोणी उठवलं नाही. तीन तास झोपलो होतो दुपारी." थोडं थांबून तो म्हणाला, "सहा वर्षांत पहिल्यांदा."

"मग बरं वाटलं की नाही?"

"हो… म्हणजे, हो." आणि मग, "आज विचारायचं काही उरलंय का?"

उरलं नव्हतं. खरं तर शेवटचे दोन शेरे मला शुक्रवारीच उमगले होते. मी मुद्दाम वेड पांघरून बसले होते. आणि तो ते दोन शेरे इतक्या संथपणे समजावत होता, इतके फाटे फोडत होता, की मला संशय यायला लागला होता. पण एकानेही तोंड उघडलं नाही. चार गावांत बसून ज्ञान वाटून घेणारी माणसं आम्ही, आणि एवढी एक गोष्ट काही वाटून घेता येईना.

शेवटचा दिवस शुक्रवार. ताईंनी सकाळी लिहिलं, "नवी, बिघाडाच्या यादीतून त्याचं नाव काढ आणि बदल त्याच्याकडेच तपासायला पाठव. त्याचं शेवटचं काम."

एक ओळ पुसायची होती. मी ती ओळ निवडली. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. तेव्हा मला डॉक्टरीणबाई आठवल्या आणि त्यांनी सहा वर्षं ते बटण का दाबलं नाही हे इतकं नीट समजलं, की मी बोट उचललं. मग राग आला. त्याचा आला, स्वतःचा जास्त आला. ओळ तशीच ठेवून मी शेजारी शेरा लिहिला आणि विचार करायच्या आत तपासायला पाठवून दिला.

चार वाजता फोन वाजला.

"नवी… एक बदल आलाय तपासायला."

"हो."

"यात माझं नाव काढायचं होतं."

"हो."

"काढलेलं नाहीये."

"नाहीये. शेरा आहे शेजारी. वाचता येत असेल तर वाचा."

त्याने वाचला. सावकाश, एकेक शब्द. "'हे नाव यादीतून काढू नये. का ते विचारा.'"

शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. आई काज करत नव्हती, शिवण घालत नव्हती, सरळ सरळ ऐकत होती.

"मग…" तो म्हणाला, "का?"

तीन आठवडे मी त्याला का, का, का विचारत होते. आता माझी पाळी होती. "कारण तू मला आवडतोस," मी म्हणाले. "आता मागची गोष्ट सांगू नकोस, मला सगळी माहीत आहे. तुझ्या रुमालाला कुत्र्याचा वास येतो, तू न सांगता पाच तास बसने येतोस, आणि तुला लिहायचा कंटाळा आहे. तरी आवडतोस. नोकरी सोडायची तर सोड, पण चार वाजता माझा फोन घ्यायचा. एवढंच आहे. विचारलंस म्हणून सांगितलं."

पलीकडे एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही.

"हे फोनवर नको," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ठेवला. मी फोनकडे बघत राहिले. फोनवर नको? ज्या माणसाने आयुष्यात सगळं फोनवर सांगितलं, त्याला नेमकं हेच फोनवर नको? संतापाने माझे कान तापले. खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. आईने दारातून डोकावलं, माझं तोंड बघितलं, आणि एक शब्द न बोलता पाण्याचा पेला ठेवून गेली. मशीन मात्र तिने सुरू केलं नाही. दहा मिनिटं झाली. बारा झाली. मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत अकराही दवाखान्यांतून फिरवून आणला होता.

मग तपासणी परत आली. जिथे चित्रकाराचं नुसतं 'ठीक' यायचं तिथे त्याने आख्खा परिच्छेद लिहिला होता. मुनीने. स्वतःहून.

'तपासलं. ठीक आहे. नाव राहू दे, पण शेरा अपुरा आहे. उद्या कोणी नवीन येईल, दोनदा फोन लावेल, चिडेल आणि नाव उडवेल. म्हणून कारण लिहून ठेवतो. मी जात नाहीये, ताईंना आत्ताच कळवलं. जायचं होतं कारण यादीत एकटाच होतो. आता आम्ही तिघं आहोत, झोप लागते. फक्त चार वाजले की जाग येते, आणि यापुढे विचारायला काही उरणार नाही हे कळल्यापासून मी शेवटचे दोन शेरे मुद्दाम लांबवत होतो. मलाही ती आवडते. पहिल्यांदा कळलं ते अकराव्या फोननंतर, तिने माझा रुमाल घेतला तेव्हा. तो तिने अजून परत केलेला नाही. उद्या सकाळच्या बसने घ्यायला येतोय.'

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून टेबलाच्या खणातला तो रुमाल काढला. धुतला होता, तरी वास गेला नव्हता.

परिच्छेदाखाली, एक ओळ सोडून, अजून काहीतरी होतं.

'बाकीचं फोनवर सांगतो.'

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला, आणि शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "उचल आता. मला कधीचं मशीन चालू करायचंय."